उकिडवा

मार्वेच्या होडीतून सकाळी आम्ही सहा जण उतरतो.
पाच खोदायला, मी काढायला:
हाडं कागदावर, एकास दहा.
खाडीच्या हवेनं आलेखाचा कागद फुगतो,
पेन्सिल टेकते नि घसरते.
फोटो दिवसाला हजार निघतात,
तरी सरपोतदारबाई म्हणतात, हातानं काढ,
कॅमेऱ्याला सगळंच सारखं महत्त्वाचं वाटतं.

मठ म्हणजे आता दीड भिंत.
चुन्यात शिंपल्यांचे तुकडे, वर पिंपळ,
पिंपळाच्या मुळीला कुणीतरी वाळत टाकलेलं जाळं.
वेदी जिथं होती तिथं
कोळशानं ओढलेले तीन स्टंप.
पाण्यापलीकडे मालाडचे मनोरे,
कुठल्याही मजल्यावरून हे खड्डे दिसत असतील,
पोहण्याच्या तलावासाठी घेतल्यासारखे.

चौदा जण.
पाय उगवतीला, हात पोटावर.
तिघाचे मणके एकमेकांत वितळलेले:
हा वाकून वाकून पोथ्या उतरवत असेल, मी समासात लिहिलं.
बाईंनी 'असेल' खोडला.
मग उरलेलं वाक्यही.
सातव्याच्या कमरेशी माळ, मणी हाडाचे,
कुठलं हाड कुणाचं
हे वेगळं करता करता दुपार गेली.
नवव्याचे दोन्ही गुडघे झिजलेले
उंबरठ्यासारखे.

आणि चौदावा.
ओळीत नाही. चुलखंडाच्या भिंतीला लागून,
मान जराशी वळलेली,
कुणी हाक मारली म्हणून.
बाईंनी ब्रशच्या टोकानं दाखवलं:
घोट्यावर, नडगीच्या खालच्या काठाला,
एक गुळगुळीत खळी.
ओल्या मातीत अंगठ्याचं नख टेकवावं, एवढीच.
हा खुर्चीत बसलेला माणूस नाही, बाई म्हणाल्या,
हा जन्मभर उकिडवा बसला.
उरलेल्या तेरा जणांच्या घोट्यांना
असं काही नाही.

पास्कू मिनेझिस खड्ड्याच्या काठावर
खुरपं मांडीवर ठेवून बसला होता.
कसा, ते सांगायला नको.
त्यानं एकदा खाली पाहिलं,
एकदा आपल्या पायांकडे.
'यो आपलाच हाय गो.'

बाईंनी हे वहीत घेतलं नाही.

त्याला दोन नावं असतील (हो, असतील):
एक डोक्यावर पाणी घालून दिलेलं,
एक आईनं लांबून ओरडायला ठेवलेलं.
घोट्याला दोन्ही ठाऊक नाहीत.
घोट्याला ठाऊक आहे
चुलीत फुंकर घालणं, शेणी मोडणं,
मांदेलीची डोकी काढणं, मिठाची ढेप फोडणं,
आणि बाकीचे गुडघे टेकत तेव्हा
मागं दाराशी, भिंतीला पाठ न लावता,
न कळणाऱ्या भाषेतलं शेवटपर्यंत ऐकणं.

माझी आई मालाडच्या बाजारात
तीस वर्षं अशीच बसली.
पहिल्या पगारात मी तिला खुर्ची आणली,
तिच्यावर टॉवेल वाळतात.

एकास दहाच्या मापात ती खळी
एक टिंब होते.
पेन्सिल चुकून टेकली असं वाटेल कुणालाही.
मी वेगळा कागद घेतला. एकास एक.
स्टूल बाजूला सारलं
आणि त्याच्या शेजारी, तो बसत असे तशी बसायला गेले.
टाचा उचलल्या गेल्या.
एक हात मातीत टेकला, फळी कलंडली,
कागदावर घोट्यापासून कडेपर्यंत
एक लांब रेघ.

वरून शेवटच्या होडीची शिट्टी.
वरून बाई: आवरा.
आणि पास्कू, खुरपं पुसत,
माझ्याकडे न बघता:

'बूट काढ गो. मंग जमंल.'