खोली नंबर चार

आता पुण्याची पोरं येतात, विचारतात,
मावशी, तो क्लासिक तुम्ही कसा केला?
क्लासिक म्हणजे काय ते मला माहीत नाही.
सावद्याला एक पिक्चर झाला होता, आठ रात्रींत.
सन दोन हजार एकशे चाळीस,
चंद्रावर केळी नेणारं यान
आणि घडांमध्ये दडून आलेलं काहीतरी.
हेमराज फेगडेला हे एका लग्नात सुचलं,
नवरीच्या हळदीचं शूटिंग चालू असताना.
कॅमेरा त्याचा होता. बाकी काही नव्हतं.

यान म्हणजे भंगाळेंचं कोल्ड स्टोरेज.
वादळात बागा आडव्या झालेल्या,
म्हणून चार नंबरची खोली रिकामी.
बाहेर रात्री अकरालाही झळा,
आत आम्ही मफलर गुंडाळून.
भिंतींना मिठाईवाल्याचा चंदेरी कागद,
बटणं म्हणून सोड्याची बुचं,
आणि चंद्र खिडकीत येईना
म्हणून परातीला चुना.

प्राणी मी शिवला.
मी ब्लाउज शिवणारी. बाई दारात उभी राहिली
की मला तिचं माप कळतं.
याचं माप कुणाला विचारू?
हेमराज म्हणे, इंदूताई, मानसासारखं दिसाले नको.
मग वाळली सोपटं, सायकलच्या ट्यूबा,
आणि तोंडाच्या जागी केळफूल, रोज नवं.
एक जांभळं पान उचललं की दातांची ओळ,
त्याखाली आणखी एक पान,
त्याखाली पुन्हा दात.
सकाळपर्यंत ते काळं पडायचं.
लाळेसाठी इसबगोल, रक्तासाठी खोडाचा चीक.
चिकाचा डाग निघत नाही, हे मी सांगितलं होतं.

आत सुभान तडवी. पालकडचा,
सहा फूट चार इंच, घड वाहणारा.
काखेत टेप नेला की हसायचा, गुदगुल्या होतात म्हणून.

सहाव्या रात्री लाइट गेली.
सगळे चहाला बाहेर.
वॉचमन झिपरूकाकांनी सवयीनं दार ओढलं,
गारवा जाऊ नये म्हणून.
आतल्या बाजूला कडी नव्हती.
आणि चेन मी पाठीला लावली होती,
ब्लाउजला लावते तशी.
त्याचा हात तिथवर पोचणार नव्हता.

सतरा मिनिटं.
दार जाड, आम्हाला काही ऐकू आलं नाही.
कॅमेऱ्याला आलं. तो बॅटरीवर चालू होता.

बाहेर आल्यावर त्यानं बिडी मागितली,
पेटवली नाही.
म्हणाला, भाभी, आवाज कोनाचा होता
मलेच समजे ना.

हेमराजनं तो आवाज ठेवला.
प्राणी पहिल्यांदा माणूस बघतो, तिथे.
व्हिडिओ सेंटरात लोक खुर्च्यांवर चढले,
एका पोराची चड्डी ओली झाली,
शिट्ट्या, टाळ्या, पुन्हा लाव, पुन्हा लाव.
फक्त सुभानची बायको हलिमा
पडद्याजवळ जाऊन उभी राहिली.
म्हणाली, तो भेवडावत नाही. भ्येला हाये.
कुणीतरी ओरडलं, खाली बैस.
मी ओरडले नाही. पण मी उठलेही नाही.

पुढे ते मुंडकं तापीकाठच्या एका बागेत
रानडुकरांसाठी टांगलं होतं.
डुकरं त्याखालीच लोळायची म्हणे.

सुभान अजून घड वाहतो, पोरं भेटून आली त्याला.
बोलला का काही, मी विचारलं.
नाही म्हणाली, नुसता हसला.

मी चेन पुढे लावते, नाहीतर हुक.
नव्या पोरी नाराज होतात,
मागे फॅशन आहे म्हणतात,
आणि दुसरीकडे जातात.
टेप मात्र तोच आहे.
बेचाळीसच्या आकड्यावर चिकाचा काळा डाग.
तेवढं माप मी अंदाजानं घेते.