ठेव

घर पाहावं बांधून म्हणतात.
माझं ऐकाल तर भाड्याने देऊन पाहावं.

जानेवारीची एकोणीस तारीख, डुलूथ, उणे एकतीस.
वरचा मजला रिकामा झालाय
हे मला पाण्याने सांगितलं.
माझ्या स्वयंपाकघराच्या छताला
आधी एक पिवळट फुगा धरला,
मग त्याने सावकाश पोट सोडलं
आणि माझ्या कॉफीत पहिला थेंब.

चावी माझ्याकडेच होती. तरी दार वाजवलं.
करारात लिहिलंय, चोवीस तास आधी कळवावं.
पाणी काही कळवून आलं नव्हतं.

गादी नाही, पडदे नाहीत,
भिंतीत सोळा खिळे, टांगलेलं काही नाही.
हीटर बंद करून गेला होता,
बिल वाचावं म्हणून असेल. माझंच.
सिंकखालचा पाइप उसासारखा उभा चिरलेला.

डेल्मर स्कोगलंड. लोखंडाच्या जहाजांवर कामाला.
सरोवर गोठलं की जहाजं धक्क्याला लागायची
आणि पगारही.
दर महिन्याला म्हणायचा, "शुक्रवारी नक्की, मिस हार्युला."
कुठला शुक्रवार, हे मी विचारलं नाही.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी,
उशिरा येणाऱ्या पोरासाठी दार उघडं धरायची
वाईट खोड आहे हाताला.

बँकेला अशी खोड नाही.
तिचा हप्ता एक तारखेला
दाराशी बूट झटकून उभा.

विम्याचा माणूस आला, कोवळा, कान लाल झालेले.
फोटो काढले. म्हणाला,
"रिकाम्या घरातला पाइप आम्ही धरत नाही.
घर रिकामं कधीपासून?"

मला सांगता येईना.
डोक्यावर कुणी चालत नाहीये
हे किती दिवस
मला ऐकूच आलं नव्हतं?

तो गेल्यावर फ्रीजर उघडला.
बावीस पुडकी, वर्तमानपत्रात बांधलेली.
ट्राउट. साफ केलेले, काटा काढलेले,
आणि प्रत्येकावर पेनाने, बसक्या अक्षरात:
नोव्हेंबर. नोव्हेंबर. नोव्हेंबर.
डिसेंबर.
शेवटच्या चारांवर: जानेवारी, अर्धा.
चिठ्ठी नव्हती. हिशोब होता.

कोर्टाचा अर्ज आणला होता मी, भरलाही अर्धा.
मग एका संध्याकाळी त्याच्यावरच
एक नोव्हेंबर वितळायला ठेवला.
प्लंबरने सहाशे ऐंशी घेतले,
वर दोन डिसेंबर घरी नेले.
छतावरचा डाग तीन हातांनंतरही
रंगातून डोकं काढतो.

मार्चमध्ये नवी बाई बघायला आली,
ओडेसा, हॉस्पिटलात रात्रपाळी.
नळ सोडून पाहिले, खिडक्या ओढून पाहिल्या,
मग नाक वर करून,
"वास कसला येतोय?"
"मागच्याची ठेव आहे," म्हटलं. "संपत आलीय."

ती हसली नाही. मला आवडलं ते.
म्हणाली, "पहाटे तीनला येते मी. बूट जड आहेत.
जिने वाजतील, तुमच्या डोक्यावर वाजेल सगळं."

चालेल, म्हटलं.
जोरात चाल.
आणि डिपॉझिट दोन महिन्यांचं, आगाऊ,
रोख.