कलम दोन : व्याख्या

या नियमांत, संदर्भानुसार दुसरा अर्थ
अपेक्षित नसेल तर —

इथपर्यंत मसुदा सरळ चालला होता.
ओरोसच्या तिसऱ्या मजल्यावर मी, अव्वल कारकून,
कांदळी नदीला मराठीत आणत होतो.

"नदी" म्हणजे उगमापासून मुखापर्यंत,
दोन्ही काठांसह.
"काठ" म्हणजे काय, ते खंड (ङ) मध्ये पाहा.
खंड (ङ) म्हणतो, काठ म्हणजे नदीची कड.
दुपारभर मी या दोघांत ये-जा केली,
पाय कुठेच भिजले नाहीत.

"जलप्रवाह" म्हणजे नैसर्गिक
आणि बारमाही
आणि नकाशावर दिसणारं वाहतं पाणी.
हे टंकलं, स्वल्पविराम तपासले,
आणि हरकती ऐकायला गेलो
तळेकोंडच्या शाळेत, चौथीच्या वर्गात,
बाकांत गुडघे न मावणाऱ्या साठ माणसांसमोर.

सगळे गप्प. मग शेवंती गिरप उठली.
तिसऱ्या काढून काढून नखं झिजलेली,
बोटांच्या पेरांत खाजणाचा चिखल, धुऊनही न गेलेला.
"आमचो व्हाळ शिमग्याक निजता, मिरगाक उठता.
निजलेल्याक कोण मेलेलो म्हणता?"

कुणी हसलं नाही.
मी समासात एक प्रश्नचिन्ह काढलं.

मग सडा निघाला.
सातबाऱ्यावर सडा म्हणजे पोटखराबा,
पीक नाही, आकारणी नाही.
लवू घाडी म्हणाला, "मगे तिन्ही वाडयेंच्या बावींत
पाणी खयसून येता?"
कातळ चार महिने पितो, आठ महिने हिशोबानं देतो.
झऱ्याला थोडं, बागेला थोडं, उरलेलं खाडीला,
म्हणजे खारं पाणी आपल्या पायरीवर राहील.
ही वाटणी तलाठ्याच्या कुठल्याच नमुन्यात बसत नाही.
खाणवाल्यांनी तो चौकोनी कापून नेला.
कुठल्या गावात, कुणाच्या भिंतीत
आता कुठला झरा चिणलाय, सांगता येत नाही.

इब्राहिम सोलकर शेवटच्या बाकावर होता.
बोलला नाही. निघताना माझ्या हातात
एक बाटली दिली. "विहिरीचं," एवढंच.

परत येऊन मी दोन्ही "आणि" खोडले.
"किंवा" लिहिलं, दोनदा.
वीस वर्षांच्या नोकरीत एवढा मुलूख
एका शब्दात कधी बसवला नव्हता :
निजलेले व्हाळ आले, वझरे, कोंडी, मळ्यांतले पाट,
सड्यावरची ती डबकी, ज्यांच्या काठी
भाद्रपदात निळी फुलं येतात
आणि गणपती गेल्यावर कुणी फिरकत नाही.

"पाणलोट" म्हणजे —
इथं बराच वेळ थांबलो.
म्हणजे जिथं पडलेलं पाणी अखेर
शेवंतीच्या बोटांपर्यंत पोचतं, ते सगळं.
मग तेही खोडलं. साहेब विचारतील, शेवंती कोण?

फाईल हिरव्या शाईत परत आली :
"'किंवा' कशासाठी? व्याप्ती वाढते. आधार जोडा."

आधार म्हणून बाटली जोडली.
परिशिष्ट ब, नग एक, लेबल चिकटवून.
साहेब मीटिंगमधून घामाघूम आले,
लेबल न वाचता
मोठा घोट घेतला.

खिडकीशी जाऊन थुंकले.
"समुद्राचं आहे का हे?"
"नाही सर. विहिरीचं. समुद्रापासून चार मैल आत.
वरची खाण सुरू होईपर्यंत गोड होतं."

ते बाटलीकडे बघत राहिले.
झाकण लावलं, नीट, दोनदा पिळून.
बुडाचा ओला गोल उमटला होता
कलम दोनवर, "काठ" या शब्दाभोवती.

तो संध्याकाळपर्यंत वाळला.
कडेनं बारीक मीठ राहिलं.
फाईल अजून त्यांच्याच टेबलावर आहे.