तबकडी दिसेनाशी होते तिथं

पाऊस आला की लोक गाड्या आत घेतात,
मी बाहेर काढते.
मागच्या सीटवर सहा रिकाम्या बाटल्या, बर्फाची पेटी,
मीटरभर लांबीची पारदर्शक नळी
आणि कालच्या सँडविचचा उरलेला तुकडा.

ऑकलंडच्या उत्तरेला, जिथं मामाच्या गाई चरायच्या,
तिथं आता एकशे चाळीस प्लॉट.
टेकडीची साल सोललेली.
आतली पिवळी चिकणमाती हाताला लोण्यासारखी लागते,
पाण्यात गेली की मात्र
आठवडाभर खाली बसायचं नाव घेत नाही.

फाटकावर प्रेंडरगास्ट, हातात कॉफी.
"तळं चोख आहे, न्गाइरे. सगळं कागदावर आहे."
कागद कोरडा होता, एवढं खरं.

गाळाचं तळं चहाच्या रंगाचं,
दूध जास्त झालेल्या चहाच्या.
त्यावर तरंगणारा निकासाचा हात,
वरवरचं निवळलेलं तेवढंच बाहेर सोडायचं हे त्याचं काम.
तो दोरीनं खाली ओढून बांधलेला.
तळं लवकर रिकामं व्हावं म्हणून.
सोमवारी काँक्रीट यायचंय.

डिगरच्या केबिनमधून सेमिसी माझ्याकडे बघतो.
बोलत नाही. वायपर तेवढा चालू करतो, बंद करतो.
त्याचा पगार शुक्रवारी होतो.
मी दोरीचा फोटो काढते.
त्याचा नाही.

खाली ओढ्यात गुडघाभर.
नळी भरते, एका टोकाला डोळा लावते,
चुंबकानं काळी तबकडी मागे सरकवत नेते.
नऊ सेंटिमीटर. दहा. अकराला गेली.
गेल्या मंगळवारी सत्तरला दिसत होती.

बाटली भरली तर आत काहीतरी वळवळतंय:
काडीएवढी वाम,
अजून धड काळीही न झालेली.
मामा यांना टुना म्हणायचा. डब्यातला नव्हे, आमचा.
म्हणतात, या टोंगाच्या बाजूला कुठेतरी खोल समुद्रात जन्मतात
आणि ओढे हुंगत इथवर येतात.
म्हणजे सेमिसीच्याच गावाकडची पाहुणी,
आणि आम्ही तिच्यापुढे हे ठेवलंय.

नियमानं हा नमुना बाद.
तिला सोडते, बाटली पुन्हा भरते, वेळ पुन्हा लिहिते:
दोन वाजून एकोणीस.
शेऱ्याच्या रकान्यात "वाम" लिहिते, मग खोडते,
मग पुन्हा लिहिते.

पहिल्या टप्प्यातल्या घरांना पडदे लागलेत.
तिथं चिखल नाही. तिथलं पाणी दिसायला स्वच्छ,
छपरांचं जस्त पोटात घेऊन चाललेलं,
बारा नंबरच्या घरी धुतलेल्या गाडीचा फेसही.
प्रत्येक दारापुढे एक खोलगट वाफा दिला होता,
वाळू, खत आणि लव्हाळ्याचा,
रस्त्याचं पाणी आधी त्यात जिरावं म्हणून.
बाईंनी त्यावर प्लास्टिकचं हिरवळ अंथरलंय.
"डास होतात हो," त्या म्हणतात, "आणि ते दिसतंही गबाळं."
जगभर कुठेतरी पाणी मुरतंय म्हटलं
की लोकांना संशय येतो.
मी दारोदार फिरून सांगते, मुरू द्या.

परत वर आले तर निकासाचा हात तरंगतोय.
दोरी नाही.
प्रेंडरगास्ट मोकळ्या हातानं दाखवतो, "बघ, म्हटलं नव्हतं?"
सेमिसी डिगरच्या पायरीवर बसून
खिशातल्या चाकूनं सफरचंद कापतोय,
भलतंच बारीक.
माझ्या फोटोवर वेळ आहे. मी काही बोलत नाही.

घरी जाताना उतार.
समोरच्या व्हॅनच्या मागे बसून मी ब्रेक दाबते, सगळेच दाबतात,
आणि चार चाकांवरून
तांब्याची जराशी भुकटी ओल्या रस्त्यावर उतरते.
गटाराच्या जाळीशेजारी कुणीतरी निळा मासा रंगवलाय,
शाळेतल्या पोरांनी असावा, एक डोळा फार मोठा.
मी त्याच्यावरून जाते.
बाटल्या मागे एकमेकींवर आपटतात.
उद्या सकाळपर्यंत त्या थंड ठेवायच्यात.