छेदातली आठ सेकंदं

भाऊच्या धक्क्यावर लाँच लागायची तेव्हा
अब्बा तिला अडवायचे नाहीत.
लोखंडी खुंटाला दोराचा दीड वेढा घालायचे
आणि सोडत राहायचे,
वीत, वीत,
मग बोटभर.
दोर करकरायचा, त्यातलं पाणी पिळून निघायचं
आणि मोऱ्याहून आलेलं ते चाळीस टनांचं धूड,
आत टोपल्या, माणसं, कुणाची तरी सायकल,
टायरांना नुसतं टेकायचं.
चहा पिणाऱ्याचा कपसुद्धा हिंदकळायचा नाही.

अकरावीत मला हेच उदाहरण आलं.
चाळीस हजार किलो, सेकंदाला एक मीटर,
आठ सेकंदांत स्थिर. सरासरी बल काढा.
बर्फाच्या पेटीवर वही ठेवून मी तिथंच काढलं:
पाच हजार न्यूटन.
आणि दोर नसता, नुसता दगडी कठडा असता,
थांबायला अर्धं सेकंद, तर ऐंशी हजार.

अब्बांचे हात ओले. वही लांबूनच बघितली.
"वेळ खाली लिहायचा?"
"हो. छेदात."
"मग बरोबर हाय. वरचं येतं तसं येतं.
आपल्या हातात खालचंच."
विडी पेटवली, दोन झुरके घेतले, आणि मग,
"पण सरासरी कशाला?
दोर काय सरासरीला तुटत नाही.
तिसऱ्या सेकंदाला ओरडतो बघ तो.
ते कुठं लिहिलंस?"

मी लिहिलं नव्हतं.
चारपैकी चार गुण मिळाले.

अम्मी गेली ती जिन्यात, हातात दुधाचं पातेलं,
खालच्या पायरीपर्यंत दूध पोचायच्या आत.
अब्बांनी जे.जे.मध्ये अकरा दिवस घेतले.
दुसऱ्या टोकाला आम्ही तिघं बहीणभाऊ
आणि ते सोडत होते,
वीत, वीत.
बघायला येणारे म्हणायचे, बुरोंडकरांचे हाल झाले.
मला वाटायचं, नाही,
हे आम्हाला धक्क्याला लावताहेत.

तरी नवव्या रात्री, चारच्या सुमारास,
त्यांनी मला अम्मीच्या नावानं हाक मारली
आणि मी "ओ" दिली.

आता माझगावच्या शाळेत
फळ्यावर आडवी रेघ ओढते,
वर वस्तुमान गुणिले वेग, खाली वेळ.
मुलांना सरासरीच शिकवते.
परीक्षेला तेवढंच येतं.