निळी चिकटपट्टी

सात किलोंची एकच बॅग.
एक फ्लॅश, एक पांढरी छत्री,
घडीचा स्टँड, त्याच्या पायाशी लोंबकळणारी
पाच लिटर पाण्याची कॅन,
आणि टीव्हीच्या खोक्यातून निघालेला थर्माकोल.
फहाहीलच्या कंपन्यांमधले साहेब विचारायचे,
"बाकीचं सामान गाडीत आहे का?"
गाडीत इस्माईल सोलकर आहे, मी सांगायचे,
आणि तोही वर येतोय.

ड्रायव्हर म्हणूनच ठेवला होता.
पहिल्याच दिवशी मीटिंगरूममध्ये
खुर्चीत बसवला: हलू नका, उजेड मोजते.
तेव्हापासून आठ वर्षं
प्रत्येक कामाचा पहिला चेहरा त्याचा.

उजेड डोळ्यांपेक्षा थोडा वर हवा, आणि कडेने.
थेट समोरून मारला की माणूस पासपोर्टातला होतो,
टाळूवरून सोडला की डोळ्यांच्या जागी दोन खड्डे.
नाकाची सावली गालावर उतरावी,
ओठाला मात्र शिवू नये.
हे सगळं मी सोलकरच्या नाकावर शिकले.
नाक होतंही तसं, दाभोळच्या धक्क्यासारखं
पाण्यात पुढे गेलेलं.
"मॅडम, माज्या नाकाचा भाडा वेगला."

मग एकेक येई.
त्रिशूरचा अकाउंटंट, दोन्ही भिंगांत अख्खी छत्री घेऊन
(चष्म्याच्या काड्या कानांवरून केसभर उचला, छत्री गायब).
कैरोची एचआर मॅनेजर, डावी बाजू नको म्हणणारी.
एक सेफ्टी ऑफिसर,
हसा म्हटलं की श्वासच धरून ठेवणारा.
हनुवटी पुढे, मग जराशी खाली.
कासव कसं करतं ते सोलकर माझ्या पाठीमागून करून दाखवी,
थर्माकोल न हलवता,
आणि माणूस हसून मोकळा होई. तेवढ्यात बटण.
डोळे चौकटीच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात.
डोक्यावर टिचभर हवा पुरे;
जास्त ठेवली तर माणूस बुडताना दिसतो.

रात्री कार्ड रिकामं करताना
सुरुवातीलाच सोलकरचे नऊ, कधी बारा फोटो.
जांभई देताना. फोनवर बायकोला बाजारभाव विचारताना.
डोळे मिटलेले, कॉलर आत गेलेली.
डिलीट, डिलीट.
ते फोटो नव्हतेच. मोजमाप होतं.

एकदा तोझ आला.
बाहेर सगळं दुधाच्या चहाचं झालं,
सूर्य वाळूत विरघळला,
आणि कार पार्किंगमध्ये सावली म्हणून उरली नाही.
आभाळभर एकच छत्री, फुकट.
सोलकर बॉनेटला टेकून उभा होता,
तोंडावरचा रुमाल काढून काहीतरी सांगत.
कॅमेरा मी बाहेर काढला नाही.
लेन्समध्ये धूळ जाते.
तेव्हा हे कारण पटलं होतं.

मार्चमध्ये त्याचा इकामा संपला, वाढवून मिळाला नाही.
जाताना त्याने कॅनमधलं पाणी
खालच्या बोरीच्या झाडाला घातलं,
नवं भरून ठेवलं.

एप्रिलमध्ये त्याच्या मुलाचा मेसेज:
अब्बांचा एखादा चांगला फोटो असला तर पाठवा.
कशासाठी, ते लिहिलं नव्हतं.
मी दोन हार्ड डिस्क उपसल्या.
साडेतीन हजार माणसं, चष्म्यांसकट, नीट.
एका बाईच्या डोळ्यात, बुबुळाच्या कडेला,
खूप मोठं करून पाहिलं तर
थर्माकोलचा पांढरा चौकोन,
त्याच्या वरच्या काठावर चार ठिपके.
बोटं असावीत.
मेसेजला उत्तर अजून दिलेलं नाही.

नवा ड्रायव्हर खाली एसी लावून बसतो.
मी रिकाम्या खुर्चीसमोर स्टँड उघडते.
नळीवर निळी चिकटपट्टी आहे,
सोलकरने स्वतः गुंडाळलेली,
म्हणजे रोज रोज त्याला बसवायला नको.
छत्री बरोबर त्याच्या डोळ्यांच्या वीतभर वर येते.
तिथवर दांडा ओढते, खिट्टी आवळते.
लोक येतात, बसतात.
उंच असले तर म्हणते, जरा खाली सरका.
बुटके असले तर
खुर्चीवर फायली रचते.