कुलपात किल्ली तुटली

आधी बटण लाल होतं.
इरमाला दाखवलं, तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला.
म्हणाली, तो शेजारीच बसलेला असतो गं.
लाल दिसलं की विचारणार, हे काय.

मग लाल काढलं.
आता तिथं एक नळ आहे, खाली लिहिलंय: पाणीपट्टी.
आमच्या त्बिलिसीत लोक दुसऱ्याच्या ताटात बघतात,
पत्रात बघतात, अजून पोट कसं दिसत नाही ते बघतात,
पाणीपट्टीत कुणी बघत नाही.

थेंबावर दोनदा बोट.
वीस सेकंदांनी फोन वाजतो.
एवढंच ॲप. बाकी सगळं
उठून बूट शोधणाऱ्या बाईनं करायचं.

पाच प्याले उंचावून झालेत,
आईसाठी, मातीसाठी, गेलेल्यांसाठी,
सहाव्याला यजमान उभा राहतोय,
आणि तो बोलत असताना उठणं म्हणजे मेलेल्यांचा अपमान.
टेबलाखाली गुडघ्यावर आलेल्या हाताला मात्र
मेलेल्यांचं काही वाटत नाही.

झुराब म्हणाला, आवाज यंत्राचा घेऊ, फुकट मिळतो.
ऐकला.
त्याला जन्मात कधी सर्दी झालेली नव्हती.
शेजारी बसलेल्याला लगेच कळलं असतं.

म्हणून त्सिआला मावशीकडे गेले.
सव्वीस वर्षं ट्रामच्या डेपोत कर्ण्यावर बोलायची.
ट्रामा गेल्या, रूळ उपटले,
आवाज तिच्याकडेच राहिला.

कागद दिला.
कुलपात किल्ली तुटली. मी दाराबाहेर उभी आहे. ये.
चष्मा लावून वाचलं तिनं.
मधे हे काय सोडलंयस?
सात सेकंद. तिला उत्तर द्यायला.
सात कशाला लागतात?
लागतात, म्हटलं. मोजलेत मी.
पहिले तीन तर तिला पटतच नाही
की फोन तिच्यासाठी आहे.

आठ वेळा रेकॉर्ड केलं.
तिसऱ्या वेळी खालचा कुत्रा भुंकला, तो ठेवला.
पाचव्या वेळी ती कागद सोडून स्वतःच म्हणाली,
सांगत बसू नकोस, ये.
तेही ठेवलं.

जे जमलं नाही तेही लिहून ठेवते.
नवव्या मजल्यावरच्या घरातून निघालेली इरमा
लिफ्टच्या पेटीत टाकायला नाणं शोधत राहिली.
वीस तेत्री.
शेवटी जिन्यानं उतरली, बूट हातात.
ॲपमध्ये नाणं घालता येत नाही.
म्हणून पहिल्याच पानावर, परवानग्यांच्याही आधी,
एक ओळ आहे: खिशात एक नाणं वेगळं ठेव.
झुराब म्हणतो, याला डिझाइन म्हणत नाहीत.
नसतील म्हणत.

परवा गुराम मामाच्या वाढदिवसाला
मावशी माझ्यासमोर बसली होती.
मामा प्याला घेऊन उभा, दरवर्षीची गोष्ट सांगत:
लग्नानंतर आठवड्यात त्सिआला कशी माहेरी पळून आली,
आणि आम्ही भावांनी तिला
पहाटेच्या पहिल्या ट्रामनं कशी परत पोचवली.
हसायच्या जागा सगळ्यांना पाठ आहेत.
तीही हसते. पंचेचाळीस वर्षं हसतेय.

या वेळी तिचे हात टेबलावर नव्हते.

फोन वाजला.
तिनं कानाला लावला. तिला कमी ऐकू येतं,
आवाज मोठा केलेला असतो,
मला पलीकडून कुत्रा ऐकू आला.

मी मोजायला लागले.
एक, दोन, तीन.
चौथ्याला ती हळूच म्हणाली,
अगं, अजून बाहेरच उभी आहेस होय?
थांब, मी
आणि तिथंच तिचं वाक्य तुटलं,
कारण तिकडून तिनंच तिला गप्प केलं होतं.

मामाचा प्याला हवेत राहिला.
मावशीनं खुर्ची मागे सारली,
कोटाच्या खिशात काहीतरी चाचपलं,
आणि गेली.

सोमवारी झुराबला सांगितलं,
सात नको,
नऊ कर.